किती म्हणजे जास्त? पाळीतल्या गाठी आणि अतिरक्तस्राव

आपल्या मराठीत मासिक पाळीला नावे पुष्कळ आहेत. कावळा शिवणे, बाहेरची होणे, दूर बसणे, अडचण येणे. ही सारी नावे गोष्ट झाकण्यासाठी घडली. ती मोजण्यासाठी मात्र आपण शब्द घडवले नाहीत. 'अंगावर फार जाते' एवढ्यावर बोलणे थांबते. 'फार' म्हणजे किती, हे आई विचारत नाही आणि मुलगी सांगत नाही. आपल्या आदिलाबादेत याला आणखी एक पदर आहे. घरात मराठी, दवाखान्यात तेलुगू आणि दोन्हींच्या मधे बाजारातली हिंदी. या प्रवासात बाईचे दुखणे 'जरा जास्त' एवढ्या दोन शब्दांवर येऊन ठेपते आणि त्यावरच पुढचा निर्णय होतो. कधी कधी तो निर्णय गर्भपिशवी काढण्याचा असतो.

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' सुरू केले आणि १९५३ पर्यंत, म्हणजे आयुष्याच्या अखेरपर्यंत, चालवले. शरीराबद्दल मराठीत सरळ लिहिता येते, हे त्यांनी दाखवून दिले. त्याच सरळपणाने आपण हा विषय पाहू.

गर्भाशयाच्या आत दर महिन्याला एक मऊ अस्तर तयार होते. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक उतरते, अस्तर सुटते, त्याखालच्या बारीक रक्तवाहिन्या उघड्या पडतात आणि रक्त वाहू लागते. हे रक्त 'घाण' किंवा 'वाईट' नसते. बोट कापल्यावर येते तेच हे रक्त, त्यात अस्तराचे तुकडे आणि स्राव मिसळलेले असतात. म्हणून 'वाईट रक्त गेलेलेच बरे' ही समजूत मनातून काढून टाकावी. गेलेले प्रत्येक थेंब शरीराला पुन्हा तयार करावे लागते.

मग गाठी कशा होतात? रक्ताचा स्वभावच गोठण्याचा आहे. गर्भाशयात मात्र गोठलेले रक्त पुन्हा पातळ करणारी रसायने असतात, त्यामुळे बहुतेक रक्त वाहते राहते. रक्त वेगाने आणि भरपूर येऊ लागले की या रसायनांना ते आवरत नाही आणि गाठी पडतात. रात्रभर आडवे झोपल्यावर रक्त आत साचते, म्हणून सकाळी उठल्याबरोबर एखादी काळपट लाल गाठ पडते. साचलेले रक्त काळे दिसतेच. पहिल्या दोन दिवसांत अशा बारीक गाठी पडणे नेहमीचे आहे. त्या पायातल्या किंवा फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीसारख्या नव्हेत. पाळीतली गाठ बाहेर पडून जाते, ती शरीरात कुठे जाऊन अडकत नाही.

इथे आपल्या भाषेचा एक घोटाळा सांगायला हवा. 'मला गाठी पडतात' असे बाई म्हणते, तेव्हा ती गोठलेल्या रक्ताबद्दल बोलते. 'गर्भाशयात गाठ आहे' असे डॉक्टर म्हणतात, तेव्हा ते स्नायूच्या वाढीबद्दल, म्हणजे फायब्रॉइडबद्दल बोलतात. या दोन गाठी वेगळ्या आहेत. रक्ताच्या गाठी पडतात म्हणजे आत गाठ आहेच, असे नाही. आणि फायब्रॉइड म्हणजे कर्करोग नव्हे. तो बहुतेक वेळा साधा असतो आणि पुष्कळ बायकांना त्याचा त्रासही होत नाही. 'गाठ' हा शब्द ऐकून घाबरण्यापूर्वी कोणती गाठ, हे विचारावे.

आता मोजमाप. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे रक्त जाते. ८० मिलिलिटरहून जास्त गेले तर तो अतिरक्तस्राव, ही रेघ स्वीडनमधल्या गोटेनबर्ग शहरात १९६६ साली झालेल्या एका अभ्यासातून आली. तिथल्या संशोधकांनी बायकांच्या पाळीतले रक्त खरोखर मोजले. त्या रेघेच्या वर पंडुरोगाचे, म्हणजे अनिमियाचे प्रमाण वाढलेले त्यांना दिसले. घरी असे मोजणे शक्य नाही, म्हणून पुढच्या खुणा लक्षात ठेवाव्यात:

• पॅड किंवा कपडा दर एक-दोन तासांनी भिजून बदलावा लागतो.
• रात्री त्यासाठी उठावे लागते.
• पाळी सात दिवसांहून जास्त चालते.
• गाठी दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा त्याहून मोठ्या पडतात.
• पाळीच्या भीतीने शाळा, शेतातले काम, लग्नकार्य टळते.

यांतले एक जरी लागू असले तरी तपासणी करून घ्यावी. पाळीमुळे रोजचे जगणे अडत असेल, तर डॉक्टरही आज तेवढ्यावरून त्याला अतिरक्तस्राव म्हणतात.

हे रक्त गेल्याने नुकसान काय, याचा हिशेब सोपा आहे. ८० मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे ३० ते ४० मिलिग्रॅम लोह जाते. रोजच्या जेवणातून शरीर जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषते आणि त्यातलेही बरेच नेहमीच्या झिजेला लागते. महिन्यामागून महिना खर्च जमेपेक्षा जास्त राहिला की शिल्लक संपते. मग जिना चढताना धाप, छातीत धडधड, केस गळणे, माती किंवा खडू खावासा वाटणे, कायमचा थकवा. गर्भवती नसलेल्या बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले तर तो पंडुरोग. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के पंडुरोगी आढळल्या. त्याला आहार कारण आहेच, पण अंगावर जाणाऱ्या रक्ताकडेही पाहिले पाहिजे. नुसत्या पालकाने ही तूट भरत नाही. लोहाच्या गोळ्या लागतात, आणि त्या चहाबरोबर न घेता लिंबूपाण्याबरोबर घेतल्या तर चांगल्या लागू पडतात.

कारणे अनेक आहेत. फायब्रॉइड, अस्तरातला कोंब, म्हणजे पॉलिप, अस्तर स्नायूत शिरणे, थायरॉइडचा बिघाड, बसवलेली तांबी, रक्त पातळ करणारी औषधे. पाळी नुकती सुरू झालेल्या मुलींत आणि चाळिशीनंतर बीजांड वेळेवर न सुटल्यानेही असे होते. एक कारण नेहमी निसटते, ते म्हणजे रक्त गोठण्याचा जन्मजात दोष. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ साली ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला असा आजार लिहून ठेवला. त्या घरातली मुलगी पुढे तेराव्या वर्षी, चौथ्या पाळीत रक्तस्रावाने गेली. म्हणून मुलीला पहिल्या पाळीपासूनच फार जात असेल, घोळणा वारंवार फुटत असेल, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, तर 'लग्नानंतर होईल ठीक' असे म्हणू नये. रक्ताची तपासणी करावी.

उपचारांना पायऱ्या आहेत. पहिली पायरी गोळ्यांची. ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी शोधले आणि १९६२ साली प्रसिद्ध केले. पाळीच्या दिवसांपुरते घेतल्यास ते रक्तस्राव बराच कमी करते. पायात किंवा फुप्फुसात कधी गुठळी झाली असेल, तर ते सांगितल्याशिवाय घेऊ नये. मेफेनॅमिक ॲसिडने दुखणे आणि जाणे दोन्ही उतरते. पुढची पायरी संप्रेरकांच्या गोळ्यांची किंवा संप्रेरक सोडणाऱ्या साधनाची. हे साधन तांबीसारखेच बसवतात, पण तांबीने रक्त वाढू शकते आणि याने पुष्कळ कमी होते. त्यानंतर फक्त फायब्रॉइड किंवा पॉलिप काढणे. गर्भाशय काढणे ही शेवटची पायरी. काहींना ती खरोखर लागते आणि तेव्हा ती जीवदान ठरते.

आपल्याकडे मात्र अनेकींना पहिल्याच भेटीत शेवटची पायरी दाखवली जाते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी देशात ३.२ टक्क्यांचे गर्भाशय काढलेले होते. तेलंगणात हे प्रमाण ७.७ टक्के होते. सर्वाधिक सांगितले गेलेले कारण अतिरक्तस्राव किंवा दुखणे हेच. तिकडे बीड जिल्ह्यात २०१९ साली महाराष्ट्र शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहातली एक. ऊसतोडीत खाडा पडला की पैसे कापले जातात, फडात ना आडोसा ना पाणी, आणि डॉक्टर कर्करोगाची भीती घालतात. आपल्याकडे कापूस वेचणाऱ्या बाईची अडचण याहून फार निराळी नाही. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना दिला. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर ऐन तिशीत पाळी जाण्याचे सारे परिणाम अंगावर येतात आणि हाडे लवकर ठिसूळ होतात.

म्हणून घरात एक वही ठेवा. पाळीची तारीख, किती दिवस, रोज किती पॅड किंवा कपडे बदलले, रात्री किती वेळा उठावे लागले, गाठ केवढी. तीन महिन्यांची नोंद पुरते. आकडा तेलुगूत वाचला काय आणि मराठीत वाचला काय, तो बदलत नाही. रिम्समध्ये जा नाहीतर खासगी दवाखान्यात, वही बरोबर न्या. हिमोग्लोबिन, गर्भ राहिला आहे का याची तपासणी, गरजेप्रमाणे थायरॉइड आणि सोनोग्राफी, पंचेचाळिशीनंतर अस्तराचा तुकडा तपासणे, एवढे झाल्याशिवाय शस्त्रक्रियेला होकार देऊ नका. 'कारण काय सापडले? औषधाने होईल का? बीजकोश ठेवणार का?' हे तीन प्रश्न विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या.

दोन वेळी मात्र वहीची वाट पाहू नका. तासाला एक पॅड भिजू लागला, चक्कर आली किंवा गर्भ राहिल्याची शक्यता असताना रक्त जाऊ लागले, तर तडक दवाखाना गाठा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थेंबभर जरी लाल दिसले, तरी त्याच आठवड्यात तपासून घ्या. घरातल्या आजीने ते लाजेने लपवले असेल, तर तिला विचारणारे कोणीतरी घरात असले पाहिजे. ते काम सुनेचे जितके, तितकेच मुलाचे आणि नातवाचेही आहे.