सोम नदीच्या खोऱ्यातील पायवाटा आणि तेथील नावे

उत्तर फ्रान्समधील सोम ही नदी सुमारे २४५ किलोमीटर वाहते. परंतु फोंसोम गावाजवळील तिचा उगम समुद्रसपाटीपासून शंभर मीटरही उंच नाही. एवढ्या लांबीला एवढाच उतार लाभल्यामुळे ती धावत नाही, रेंगाळते. वळणे घेत, फाटे फोडीत, दलदली आणि तळी मागे ठेवीत ती इंग्लिश खाडीला मिळते. अशा प्रदेशात चालणाऱ्याला दम लागत नाही. कालव्याच्या काठाने ज्या वाटेवरून एके काळी नावा दोरांनी ओढल्या जात, तीच आज पादचाऱ्यांची वाट झाली आहे. पेरॉनपासून खाली कोर्बीपर्यंत दोन-तीन दिवसांत रमतगमत जाता येते. मध्येच वाट काठ सोडून खडूच्या दगडाच्या उतारावर चढते. या गवताळ उतारांना स्थानिक बोलीत ‘लारी’ म्हणतात. व्हो गावाच्या माथ्यावर पोहोचले की नदी, कालवा, लव्हाळी आणि तळी यांचा गुंता खाली नकाशासारखा पसरलेला दिसतो.

निसर्गसौंदर्याचे वर्णन करणारी पुस्तके विपुल आहेत. भाषाभ्यासकाचे लक्ष मात्र वाटेवरील पाट्यांकडे अधिक जाते. या खोऱ्यात नावांचे निदान तीन थर एकमेकांवर पडले आहेत: पाण्याची व गावांची जुनी नावे, १९१६ साली सैनिकांनी दिलेली नावे, आणि दगडावर कोरलेली माणसांची नावे. यांपैकी प्रत्येक थराची बदलण्याची रीत वेगळी आहे. ती रीत ध्यानात घेतल्याखेरीज या प्रदेशाचा अर्थ लागत नाही.

प्रथम पाण्याचा विचार करू. सीझरच्या लेखनात आजच्या आमिएँ शहराचे नाव ‘सामारोब्रिव्हा’ असे येते. त्यातील ‘ब्रिव्हा’ म्हणजे गॉलिश भाषेत पूल, आणि ‘सामारा’ हे नदीचे नाव. मराठी वाचकाला येथे ‘समर’ शब्द आठवणे साहजिक आहे, आणि पुढे याच काठावर जे घडले ते पाहता हा योग मनाला चटका लावून जातो. तथापि हे ध्वनिसादृश्य केवळ आकस्मिक होय. संस्कृत ‘समर’ शब्दाची घडण ‘सम्’ आणि ‘ऋ’ यांतून, म्हणजे एकत्र येण्याच्या अर्थातून झाली आहे. नदीच्या नावाशी तिचा काडीचाही संबंध नाही. त्याचप्रमाणे आजच्या ‘सोम’चा आपल्या सोमाशी संबंध जोडणेही व्यर्थ ठरेल. व्युत्पत्तिशास्त्रात अशा मोहांना बळी पडलेल्यांची संख्या थोडी नाही, म्हणून हा उल्लेख केला.

नदीकाठच्या ब्रे या गावाचे नाव चिखल, दलदल या अर्थाच्या एका गॉलिश शब्दावरून आले आहे. एक्ल्युझिए या नावात पाणी अडविण्याच्या दारांचा निर्देश आहे, आणि त्याला जोडलेले ‘व्हो’ म्हणजे दरी. परंतु सर्वांत उद्बोधक शब्द तळ्यांसाठीचा आहे. या खोऱ्यातील पुष्कळ तळ्यांना पिकार बोलीत ‘अँताय’ म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ ‘छेद’, ‘कापलेली जागा’. ज्या तळ्यांकडे पाहून प्रवासी निसर्गाची स्तुती करतो, त्यांतील कित्येक निसर्गाने केलेलीच नाहीत. जळणासाठी दलदलीतील पीट, म्हणजे कुजून दबलेल्या वनस्पतींची माती, शतकानुशतके कापून काढण्यात आली. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाण्याखालील थर कापणारे लांब दांड्याचे अवजार निघाल्यावर हे काम फारच वाढले. मागे उरलेल्या खड्ड्यांत पाणी भरले, लव्हाळी उगवली, मासे आले, आणि कापणाऱ्यांची आठवण पुसली गेली. ती आठवण शब्दाने तेवढी धरून ठेवली आहे. आमिएँच्या वेशीवरील, पाण्याने वेढलेल्या भाजीमळ्यांना ‘ऑर्तिय्योनाज’ म्हणतात. त्यातही लॅटिन ‘होर्तुस’, म्हणजे बाग, हा शब्द जिवंत आहे.

गावांच्या नावांत ‘कूर’ हा उत्तरपद वारंवार भेटतो: फ्रिकूर, वार्लांकूर, गदकूर. हा लॅटिन ‘कोर्तेम्’, म्हणजे वाड्याचे आवार किंवा शेतवाडी, याचा वंशज होय. पूर्वपद बहुधा एखाद्या फ्रँक जमीनदाराचे नाव असते. लक्षणीय गोष्ट अशी की, येथे विशेषक पद आधी व विशेष्य नंतर येते, आपल्या ‘सावंतवाडी’सारखे. फ्रेंच भाषेची नित्याची प्रवृत्ती याच्या उलट आहे. उत्तरेकडील हा पदक्रम जर्मानिक वळणाचा समजला जातो. ध्वनींच्या बाबतीतही पिकार बोली वेगळी पडते. लॅटिनमधील ‘आ’पूर्वीचा ‘क’ पॅरिसच्या फ्रेंचमध्ये ‘श’ झाला, पण येथे तो ‘क’च राहिला. म्हणून ओक वृक्षाला फ्रेंचमध्ये ‘शेन’ म्हणत असले, तरी या भागात ‘केनेल’ नावाचे गाव आढळते. बोली ओसरत चालली, तरी तिचा ‘क’ पाट्यांवर टिकून आहे.

ही नावे शेकडो वर्षे ध्वनिनियमांनुसार झिजत आली. अपवाद राजाज्ञेचा. आंक्र नदीच्या काठचे आंक्र हे गाव कोंचिनी या मातब्बर दरबाऱ्याच्या जहागिरीत होते. १६१७ साली त्याचा वध झाला. जहागीर शार्ल द आल्बेर याच्याकडे गेली आणि १६२० मध्ये गावाचे नावच ‘आल्बेर’ करण्यात आले. नदी मात्र ‘आंक्र’च राहिली. नामांतर गावाचे होऊ शकते, प्रवाहाचे सहसा होत नाही.

यानंतरचा थर काही महिन्यांत पडला. १ जुलै १९१६ रोजी सुरू झालेले सोमचे युद्ध १८ नोव्हेंबरपर्यंत चालले. पहिल्याच दिवशी ब्रिटिश सैन्यातील ५७,४७० माणसे जायबंदी, बेपत्ता वा ठार झाली. त्यांपैकी १९,२४० मृत्युमुखी पडली. या सैनिकांना स्थानिक नावे उच्चारता येईनात, आणि उच्चारल्यावाचून तर चालेना. कारण हुकूम त्याच नावांनी सुटत. मग लोकव्युत्पत्तीने आपले काम केले. ओशोंव्हिलेर हे गाव ‘ओशन व्हिलाज’, म्हणजे सागरी बंगले, झाले. समुद्र तेथून कोसच्या कोस दूर! देल्व्हिलच्या रानाचे ‘डेव्हिल्स वुड’, सैतानाचे रान, झाले, आणि तेथील संहार पाहता ते नाव कुणाला विनोदी वाटले नसावे. फुरकोच्या रानाचे नुसतेच ‘हाय वुड’ झाले. याच रानाच्या परिसरात १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी ‘डेक्कन हॉर्स’ हे हिंदी घोडदळ भाले घेऊन पुढे सरसावले होते. ‘दख्खन’ शब्द पिकार्दीच्या गव्हाच्या शेतात पोहोचला तो असा. ला ब्वासेलजवळच्या एका दरीला, वर तरंगणाऱ्या जर्मन टेहळणी-फुग्याच्या आकारावरून ‘सॉसेज’ हे नाव पडले. मग शेजारची दरी ओघानेच ‘मॅश’, म्हणजे त्याबरोबर ताटात येणारा कुस्करलेला बटाटा, झाली.

त्याच ला ब्वासेलपाशी, हल्ला सुरू होण्यास दोन मिनिटे असताना, सकाळी ७ वाजून २८ मिनिटांनी, जर्मन खंदकाखाली पेरलेला सुरुंग उडविण्यात आला. त्याने पाडलेले विवर सुमारे नव्वद मीटर रुंद असून आजही तसेच राखलेले आहे. पादचारी त्याच्या कडेकडेने फिरून येतात. त्याचे नाव ‘लॉखनागार’. हे मूळचे स्कॉटलंडमधील एका डोंगराचे नाव. डोंगराला ते पायथ्याच्या चिमुकल्या तळ्यावरून मिळाले, कारण गेलिकमध्ये ‘लॉख’ म्हणजे तळे. सैनिकांनी ते खंदकाला दिले आणि खंदकावरून ते विवराला चिकटले. सोमच्या काठी माणसाने कापलेल्या खड्ड्यांची तळी झाली. येथे एका तळ्याचे नाव माणसाने उडविलेल्या कोरड्या खड्ड्याला लाभले.

सैनिकी नावांपैकी बहुतेक युद्धाबरोबर संपली. शेतकरी परतले तेव्हा जुनी नावेही परतली. फुरकोचे रान पुन्हा फुरकोचे झाले. दफनभूमींच्या पाट्यांवर जी चढली, तेवढीच टिकली. उदाहरणार्थ, ‘कॅटरपिलर व्हॅली’, सुरवंटाची दरी.

तिसरा थर तिएपव्हालच्या टेकडीवर आहे. नवी दिल्लीचे शिल्पकार लट्येन्स यांनी उभारलेल्या आणि १९३२ साली उद्घाटन झालेल्या या कमानीवर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा ७२,००० हून अधिक सैनिकांची नावे कोरलेली आहेत. २०२३ साली युनेस्कोने फ्रान्स व बेल्जियममधील ज्या १३९ युद्धस्मृतिस्थळांना जागतिक वारशात स्थान दिले, त्यांत ही कमानही आहे. येथे वाक्य नाही, क्रियापद नाही. पलटण, हुद्दा, आडनाव आणि आद्याक्षरे यांच्या याद्या आहेत, आणि चालत आलेला माणूस बोट फिरवीत त्यांतून एकच नाव शोधत असतो.

हिंदी सैनिकांचे स्मारक येथून उत्तरेस, नव्ह-शापेल येथे आहे. हर्बर्ट बेकर यांनी रचलेल्या आणि १९२७ साली अनावरण झालेल्या या वास्तूवर ४,७०० हून अधिक नावे असून, मधल्या स्तंभावर इंग्रजी, अरबी, हिंदी व गुरुमुखी लेख आहेत. देवनागरी अक्षरे तेथे आहेत, पण नावांसाठी नाहीत. नावे रोमनमध्ये आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी याच गावावरील हल्ल्यात तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ क्रमांकांच्या तुकड्या होत्या. त्यांचे ठाणे पुण्याजवळ खडकीला, आणि त्या दलात मराठेही भरती होत. खुद्द ‘खडकी’चे साहेबी ‘किर्की’ झाले होते, हे येथे स्मरणीय आहे. रोमन लिपीत ‘ल’ व ‘ळ’, ‘न’ व ‘ण’, ‘त’ व ‘ट’ यांत भेद राहत नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ दगडावर एकच होतात. ‘माने’ आणि ‘माणे’ यांचेही तेच. इंग्रजी आडनाव वाचणाऱ्याला जेवढे हाती येते, तेवढे या नावांच्या वाचकाला येत नाही. उच्चार मुलखाकडून, घराकडून परत मिळवावा लागतो. स्मारक-आयोगाच्या नोंदींत जेथे बापाचे नाव, गाव व जिल्हा दिलेला आहे, तेथे स्थलनामांचा अभ्यासक उपयोगी पडू शकतो. रोमन अक्षरांत विस्कटलेले गाव ओळखता आले, तर नावाचाही उच्चार बहुधा लावता येतो.

सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत, अशी नोंद आहे. त्या काळी हिंदुस्थानातील अनेक गावांत बसविलेल्या शिळांवर ‘इतके गेले, इतके कामी आले’ एवढेच कोरले जाई. नावांच्या जागी आकडा येई. अपशिंगेच्या बाबतीत युद्ध उमटले ते गावाच्याच नावात: सरकारी कागदोपत्रीही ते ‘अपशिंगे (मिलिटरी)’ आहे.

दगडावरची नावे तरी न बदलणारी असावीत, असे वाटते. तेही पूर्णतः खरे नाही. सोमच्या शेतांत नांगराला अजून तोफगोळे लागतात आणि कधी माणसांचे अवशेषही. अवशेषांची ओळख पटली, तर त्या सैनिकाचे रीतसर दफन होते, त्याच्या नावाचा स्वतंत्र दगड उभा राहतो, आणि पुढे केव्हातरी तिएपव्हालच्या यादीतून ते नाव काढून टाकण्यात येते.