वेडा राजा आणि सुरतेचे हेडमास्तर

नाताळ अंकासाठी आमच्याकडे ज्या गोष्टी येतात त्यांत एक गृहस्थ दरवर्षी हटकून भेटतो. तो दारू पितो, बायकोला मारतो, मुलांना उपाशी ठेवतो. आणि मध्यरात्रीच्या मिस्साची घंटा कानी पडताच त्याचे डोळे उघडतात. त्याचे नाव कधी पास्कू असते, कधी इनास. परंतु नाव बदलले तरी तो तोच असतो. किंबहुना तो माणूसच नसतो. त्याच्या हाताला काय काम आहे, रागावला म्हणजे तो ओरडतो की गप्प बसतो, ह्यांतले काही लेखकाने आम्हांला सांगितलेले नसते. एपिफनीच्या सणापर्यंत वाचक त्याला विसरून जातात.

गोष्टीतले माणूस वाचकाच्या घरी कायमचे राहावयास येते ते कसे, ह्याचा विचार करताना आम्हांला तापीकाठच्या सुरत शहराची आठवण झाली.

नंदशंकर तुळजाशंकर मेहता हे 1835 साली सुरतेस जन्मले आणि पुढे तेथील इंग्रजी शाळेचे हेडमास्तर झाले. इंग्रजी कादंबऱ्यांच्या धर्तीवर गुजरातीत काही लिहावे, असे शिक्षणखात्यातील रसेल साहेबांनी त्यांना सुचविले. त्यातून 1866 साली ‘करण घेलो’ प्रसिद्ध झाली. गुजराती भाषेतील ती पहिली कादंबरी मानतात. आपल्या मराठीत बाबा पदमनजी ह्यांची ‘यमुनापर्यटन’ त्यापूर्वी नऊ वर्षे, 1857 साली निघाली होती. विधवांचे हाल जगापुढे मांडणारे ते पुस्तक मोठ्या धैर्याचे होय. तथापि खरे सांगावयाचे तर यमुना पुष्कळ पाहते व पुष्कळ ऐकते. तिने पाहिलेली दुःखे आठवतात, ती स्वतः तितकी आठवत नाही.

करणाची गोष्ट निराळी. ‘घेलो’ म्हणजे वेडा. पाटणचा हा शेवटचा रजपूत राजा आपल्याच प्रधानाच्या, माधवाच्या, पत्नीवर मोहित होतो. काही निमित्त काढून तो माधवाला नगराबाहेर धाडतो व रूपसुंदरीला बळाने वाड्यात आणवतो. तिच्या रक्षणासाठी उभा राहिलेला माधवाचा भाऊ केशव मारला जातो आणि त्याची पत्नी सती जाते. सूडाने पेटलेला माधव दिल्लीस जाऊन अल्लाउद्दीन खिलजीची फौज गुजरातेवर आणतो. पाटण पडते, करणाची राणी शत्रूच्या हाती सापडून दिल्लीस जाते आणि करण मुलीला घेऊन बागलाणच्या डोंगरांत, म्हणजे आजच्या नाशिक जिल्ह्यात, आश्रय घेतो.

येथवरची हकीकत कोणत्याही भाटाने सांगितली असती. आम्हांला थबकावयास लावतो तो पुढचा प्रसंग. देवगिरीच्या रामदेवरायाचा पुत्र शंकरदेव करणाची कन्या देवळदेवी हिला मागणी घालतो. करणाजवळ आता राज्य नाही, राणी नाही, उद्याची शाश्वती नाही. तरीही रजपुताची मुलगी मराठ्याच्या घरी कशी द्यावी, म्हणून तो अडून बसतो! सर्वस्व गेले, पण कुळाचा ताठा गेला नाही. पुढे दिल्लीची फौज पुन्हा चालून आली तेव्हा नाइलाजाने त्याने होकार दिला. पण फार उशीर झाला होता. वाटेतच ती पोर शत्रूच्या हाती पडली. ही घटना वेरूळच्या लेण्यांजवळ घडली, असे फरिश्त्याच्या तवारिखेत आहे.

असा बाप आपण पाहिलेला नाही काय? कर्जात बुडालेला, वाडी गहाण पडलेली, पण सोयरीक ठरविताना समोरच्याचे घराणे खालचे म्हणून मान फिरविणारा? आम्ही तरी पाहिला आहे. नंदशंकर मास्तरांनी करणाचे पाप कोठेही झाकले नाही, आणि त्या पापाखेरीज त्याच्यात दुसरे काही नाही असेही म्हटले नाही. म्हणून त्याचा राग येतो, आणि त्याच पानावर त्याची कीवही येते.

सुरतेचीच आणखी एक गोष्ट आहे. ती फ्रेंच लेखक बेर्नार्दें द सें-प्येर ह्याने अठराव्या शतकाच्या अखेरीस लिहिली आणि 1893 साली टॉलस्टॉयने रशियन भाषेत आपल्या पद्धतीने पुन्हा सांगितली. सुरतेच्या एका कॉफीघरात इराणी पंडित, ब्राह्मण, यहुदी दलाल, इटालियन मिशनरी, जकातीवरचा तुर्क असे नाना लोक खरा देव कोणाचा म्हणून भांडतात. ही मंडळी आम्हांला एकमेकांपासून वेगळी आठवत नाहीत, कारण प्रत्येकजण आपले मत तेवढे बोलून जातो. आठवतो तो दारात उन्हात बसलेला, त्या इराण्याचा हबशी गुलाम. देव आहे काय असे धन्याने विचारताच तो कमरेच्या पट्ट्यातून लाकडाची लहानशी मूर्ती काढून दाखवितो. त्याच्या मताशी आपले जुळत नाही, पण त्याचा हात आपल्याला दिसतो.

उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे, कारण तो आम्ही भोगला आहे. एका वर्षी छापलेल्या गोष्टीत लेखकाने शेजारचा म्हातारा लंगडण्यासकट जसाच्या तसा उतरविला होता. आम्हांला ते कळले नाही. गावाला मात्र पहिल्या ओळीत कळले. दोन घरांचा बोलण्याचा संबंध तुटला आणि त्यात आमचाही दोष होता. नंदशंकरांचा राजा साडेपाचशे वर्षांपूर्वी होऊन गेलेला, त्यामुळे त्यांना कोणाची मुले येऊन जाब विचारणार नव्हती. आमच्या लेखकांनी लंगडणे एकाचे, बोलणे दुसऱ्याचे आणि हट्ट स्वतःचा घ्यावा.

भल्या माणसाचे चित्र काढणे तर सर्वांत अवघड. 1664 च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा कापुसिन मिशनरी फादर आंब्रोझ ह्यांच्या घराला त्यांनी हात लावू दिला नाही, असे बर्निये ह्या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवले आहे. इतिहासाला तेवढे पुरते. गोष्ट लिहिणाऱ्याने मात्र ती रात्र उभी करावयाची आहे: शहर जळत असता फादर दाराला अडसर घालून बसले, की दार उघडे ठेवून? शेजारी आसऱ्यास आले तेव्हा घरात पाणी किती होते? ही गोष्ट कोणी लिहून धाडील तर आम्ही आनंदाने छापू.

आणि पास्कूलाही आमची मनाई नाही. त्याने खुशाल दारू प्यावी, मध्यरात्रीच्या मिस्सालाही यावे. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला तेव्हा तो कोठे पाहत होता, तेवढे लेखकाने आम्हांला कळवावे.