गंजलेल्या जहाजावरचा पहारा

दक्षिण चीन समुद्रात, पलावान बेटापासून साधारण 195 किमीवर, फिलिपिन्सनं 1999 मध्ये ‘सिएरा माद्रे’ हे जहाज आपला हक्क सांगण्यासाठी मुद्दाम प्रवाळखडकावर चढवलं. दुसऱ्या महायुद्धातलं, गंजून पत्र्याला भोकं पडलेलं, तरी मूठभर मरीन सैनिक आजही त्यावर राहतात! माझ्या मते चिवटपणाचा याहून मोठा नमुना नाही.

जहाज अजून नौदलाच्या सेवेत आहे. त्यावर हल्ला झाला, तर 1951 च्या संरक्षण करारानुसार अमेरिका मध्ये पडू शकते. म्हणून या खडकावर दावा सांगणाऱ्या चीनचा सगळा जोर जहाजाला रसद नेणाऱ्या बोटींवर होता: पाण्याचे मारे, धडका. जून 2024 च्या झटापटीत एका फिलिपिनो सैनिकाचा अंगठा तुटला. या समुद्रावरचे चीनचे दावे फेटाळणारा 2016 चा लवादाचा निकाल चीननं मानलाच नाही.

चीनशी असं झुंजणाऱ्या या फिलिपिन्सला भारतानं एप्रिल 2024 मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रं दिली.