सुटलेले व्यसन पुन्हा का जडते?

उपचार घेऊन दारू सोडलेला मनुष्य चार-सहा महिन्यांनी पुन्हा गुत्त्याकडे वळला, की ‘मनाचाच कच्चा’ असा शेरा गावात ऐकू येतो. त्याचे मूल चौथीच्या वर्गात बसलेले असते आणि तो शेरा त्याच्याही कानी पडतो. शिक्षकालाही तसेच वाटले तर नवल नाही. परंतु मेंदूविषयी गेल्या पाऊणशे वर्षांत जे ज्ञान हाती आले आहे, ते पाहता हा शेरा तपासून घेणे प्राप्त आहे.

ह्या विषयाचा सखोल अभ्यास प्रथम अफू व तिच्यापासून होणारी मॉर्फीन, हेरॉइन ही द्रव्ये ह्यांच्या बाबतीत झाला. म्हणून त्यांचेच उदाहरण सोयीचे. मेंदूच्या देठात निळसर रंगाचा एक इवलासा पेशीसमूह आहे. तेथील मज्जापेशी नॉरअ‍ॅड्रेनलीन नावाचे द्रव्य सोडून शरीराला जागे व सावध ठेवतात. अफू त्यांना दडपते. दडपण रोजचेच झाले, की त्या पेशीही आतून आपला जोर वाढवितात. शाळेच्या पटांगणावरील रस्सीखेच डोळ्यांपुढे आणावी. समोरचा संघ ओढू लागला, की इकडची मुले टाचा रोवून तितकीच ओढतात. दोर मधोमध स्थिर दिसतो. समोरच्यांनी तो अकस्मात सोडला, तर इकडची सारी रांग पाठीवर आपटते. व्यसनी मनुष्याचे द्रव्य तुटताच हेच घडते. जांभया, नाकाडोळ्यांना पाणी, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, निद्रानाश. हेरॉइनच्या बाबतीत ही लक्षणे काही तासांतच सुरू होतात, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसास पोहोचतात आणि आठ-दहा दिवसांत बव्हंशी ओसरतात. तंबाखूची चिडचीडही पहिल्या दोन-तीन दिवसांतच तीव्र असते. दारूचे मात्र निराळे आहे. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली, तर झटके येतात, भ्रम होतो, प्रसंगी प्राणही जातो. अशा माणसाला खोलीत कोंडून दारू सोडविण्याचा घरगुती उपाय म्हणूनच घातक होय. तेथे डॉक्टरच हवा.

एवढेच असते, तर पंधरवड्यात प्रश्न मिटला असता. अमेरिकेत केंटकी राज्यातील लेक्सिंग्टन येथे १९३५ साली व्यसनी रुग्णांसाठी सरकारी रुग्णालय निघाले. तेथील डॉ. अब्राहम विक्लर ह्यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. कित्येक महिने द्रव्यापासून पूर्ण मुक्त असलेले रुग्ण एकत्र बसून त्या द्रव्याविषयी बोलू लागले, की त्यांना जांभया येत, डोळ्यांतून पाणी वाहू लागे. अध्यापनाचे शिक्षण घेतलेल्यांना पाव्हलॉव्हचे कुत्र्यावरील प्रयोग ठाऊक असतातच. विक्लर ह्यांनी तोच धागा येथे ओळखला.

ह्या धाग्याची गाठ मेंदूत कोठे बसते, हे वुल्फ्राम शुल्ट्झ ह्या शास्त्रज्ञाच्या माकडांवरील प्रयोगांतून बरेचसे उमगले. माकडाला फळांचा रस मिळाला, की डोपामीन सोडणाऱ्या पेशी उद्दीपित होत. रसाआधी एक खूण दाखविली जाते, हे माकड शिकल्यावर मात्र त्या पेशी खुणेलाच उद्दीपित होऊ लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळतेवेळी शांत राहिल्या. व्यसनी माणसाच्या बाबतीत बाजाराचा दिवस, दिवेलागणीची वेळ, जुना सोबती, रिकामी बाटली ह्या अशाच खुणा होत. मधल्या सुटीची घंटा होताच ज्या गुरुजींचा हात खिशातील तंबाखूच्या पुडीकडे जातो, त्यांना ह्यासाठी माकडाची साक्ष काढण्याचे कारण नाही!

आणखी एक गोष्ट चकित करणारी आहे. कोकेनची सवय लावलेल्या उंदरांवरील एका प्रयोगात (२००१) असे दिसले, की द्रव्य बंद केल्यावर खुणेने जागणारी तलफ पुढील दोन महिन्यांत घटण्याऐवजी वाढतच गेली. माणसातही ‘आता सहा महिने झाले, धोका टळला’ हा हिशेब त्यामुळे चुकतो.

व्हिएतनामच्या युद्धात अनेक अमेरिकन सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. १९७१ साली मायदेशी परतलेल्या सैनिकांची ली रॉबिन्स ह्या संशोधिकेने पाहणी केली, तेव्हा तेथे व्यसनी झालेल्यांपैकी सुमारे शेकडा पाचच पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनाधीन झाल्याचे आढळले. त्या खुणा समुद्रापार राहिल्या, हे त्याचे एक कारण मानले जाते. तेवढ्यावरून गाव बदलले की व्यसन सुटते असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. हेरॉइन मायदेशी महागही होते आणि मिळणेही दुष्कर. तरीही आपल्या शेतमजुराची अवस्था ह्याच्या उलट असते, हे ध्यानात घ्यावे. तो त्याच वाटेने कामास जातो, त्याच वाटेने परततो, आणि गुत्ता त्याच वाटेवर असतो.

शिक्षकाला वाट बदलता येत नाही. काही खुणा मात्र कमी करता येतात. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखूची विक्री, तसेच अठरा वर्षांखालील मुलास ती विकणे, २००३ च्या कायद्याने निषिद्ध आहे. वडिलांची पुडी आणावयास मुलाला धाडले जाते, त्याविषयी पालकांशी बोलता येते. आणि पुन्हा सुरू झाली म्हणून पहिला उपचार फुकट गेला असे समजून कित्येक कुटुंबे दवाखान्याची पायरी दुसऱ्यांदा चढत नाहीत. प्रगतिपुस्तकावर सही करावयास आलेल्या आईने डोळे पुसत हा विषय काढला, तर तिला एवढे सांगता येईल, की मधुमेहाची साखर पुन्हा वाढली म्हणजे रुग्ण डॉक्टरकडे परत जातो, तसेच येथेही जावयाचे असते; दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही.