सिझियम पकडणारी गारगोटी

जोतिबाचं देऊळ काळ्या बसाल्टचं. दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा होऊन वाहत होता. थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि मागे पोकळ्या राहिल्या. पुढे झिरपत्या पाण्यानं त्यांत पांढरे, गुलाबी स्फटिक भरले. विहीर खणताना निघणाऱ्या अशा ‘गारगोट्यां’पैकी बऱ्याच झिओलाइट असतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणी त्यासाठी जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत.

यांतल्या ह्यूलँडाइटचा सख्खा भाऊ क्लिनोप्टिलोलाइट १९८५पासून ब्रिटनच्या सेलाफिल्डमध्ये कामाला आहे. वापरलेलं अणुइंधन ठेवलेल्या तलावांच्या पाण्यातून तो सिझियम आणि स्ट्रॉन्शियम ओढून घेतो. तो तिथे कॅलिफोर्नियातून येतो. सरोवरात साचलेल्या ज्वालामुखीच्या राखेचे तिथे थरच्या थर झिओलाइट झाले आहेत. आपला माल देखणा खरा, पण पोकळ्यांत विखुरलेला.

दगडाला हे जमतं कसं? झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम बसलं की सांगाड्यावर ऋणभार उरतो. तो फेडायला आतल्या बोगद्यांत सोडियम, कॅल्शियमचे आयन सैलसर बसलेले असतात. चैत्र यात्रेच्या एसटीतला हिशेब: एक उतरला की दुसरा चढणार, जागा रिकामी राहणार नाही. स्ट्रॉन्शियमचा भार दुप्पट, त्यामुळे त्याला दोन जागा लागतात. सिझियमचा आयन मोठा. पाणी त्याला घट्ट धरत नाही, म्हणून ते झटकून तो सहज आत शिरतो. सोडियम मात्र भोवतीचं पाणी सोडायला नाखूश.

ही आवडनिवड २०११मध्ये फुकुशिमात कसाला लागली. अणुभट्ट्या थंड करायला समुद्राचं पाणी ओतलेलं, म्हणजे सिझियमच्या एकेका आयनामागे सोडियमची झुंबड. तिथे सुरुवातीला हर्शेलाइट हा झिओलाइट वापरला गेला. हेच काम करणारी प्लॅस्टिकसारखी रेझिनं तीव्र किरणोत्सारात मोडतात, दगड टिकतो. ट्रिशियमपुढे मात्र त्याचं काही चालत नाही, कारण तो पाण्याच्या रेणूतच हायड्रोजनच्या जागी बसलेला असतो.

शिवाय किरणोत्सार नाहीसा होत नाही, फक्त पाण्यातून दगडात येतो. सिझियम-१३७चं अर्धायुष्य तीस वर्षं. ते हजारावा हिस्सा उरायला तीनशे वर्षं लागतात. तोवर ते सांभाळणं आलं, किंवा कामाला लावणं. तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र अणुकचऱ्यातून काढलेलं सिझियम काचेत ओतून त्याच्या कांड्या बनवतं. रुग्णाला देण्याआधी रक्तावर किरणांचा मारा करणाऱ्या यंत्रांत त्या बसवतात.