मंचावरून खाली उतरा, अभ्यासाला बसा!

नंदुरबार जिल्ह्यातले लोणखेडा हे शहाद्याला लागून असलेले गाव. शाळा-कॉलेजांमुळे तालुक्यातली मुले-मुली रोज इथे येतात. आजूबाजूला ऊस, केळी, कापूस डोलतो. या हिरव्या शिवारात राबणारे हात मात्र बहुतेक भूमिहीनांचे आहेत. त्यात भिल्ल आणि पावरा बांधव आहेत, तसे आपले बौद्ध बांधवही आहेत. अशा ठिकाणी नेतृत्व कसे घडते हा हौसेचा विषय नाही. तो भाकरीचा विषय आहे.

आपल्याकडे नेतृत्वाचा एक ठरलेला साचा झाला आहे. एप्रिल आला की वर्गणी निघते, मंडप पडतो, भोंगा लागतो आणि बाहेरगावचा वक्ता येतो. तो दोन तास बोलतो, आपण टाळ्या वाजवतो. दुसऱ्या दिवशी मंडपवाला बांबू काढून नेतो आणि वस्तीतली तुंबलेली गटार तुंबलेलीच राहते. जयंती करू नये असे कोण म्हणेल? तो आपल्या स्वाभिमानाचा सण आहे. पण जयंती वर्षातून एकदा येते आणि गटार बारा महिने वाहते. त्या बारा महिन्यांसाठी माणसे कुठे तयार होणार? माझे उत्तर एकच आहे. ती मंचावर तयार होत नाहीत, सतरंजीवर गोल बसून आपल्याच गावाचा एक प्रश्न अभ्यासताना तयार होतात.

बाबासाहेबांची रीत

हे उत्तर माझ्या पदरचे नाही. १ जुलै १९५६ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी एक प्रशिक्षण विद्यालय सुरू केले. विद्यार्थी किती होते? फक्त पंधरा! ज्यांच्या एका हाकेवर लाखो माणसे जमत, त्यांनी पंधरा जणांचा वर्ग काढावा याचा अर्थ काय? गर्दी जमवणे आणि कार्यकर्ता घडवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हाच त्याचा अर्थ. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले आणि ते विद्यालय फार काळ टिकले नाही. त्या वर्गाचे काम अपुरे राहिले, ते आजही आपल्या दाराशी उभे आहे.

त्याच्याही मागे जाऊ. महाडचा संगर आपल्या पोराबाळांना तोंडपाठ आहे. पण तो सुरू कसा झाला हे किती जण सांगतात? १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांच्या प्रयत्नाने ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात एका माणसालाही पाणी मिळाले नाही. हा कागद हाती असलेल्या आर. बी. मोरे यांच्यासारख्या स्थानिक तरुणांनी परिषदेची तयारी केली. १९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि बाबासाहेबांनी ओंजळ भरली. नंतर दहा वर्षे कोर्टात झगडून मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात निकाल मिळवला.

एक गाव, एक तळे, एक ठराव. इतका छोटा स्थानिक प्रश्न, पण त्याने देश हलवला. कागद वाचला, माणसे जमवली, कृती केली आणि शेवटपर्यंत पाठ सोडली नाही. नेतृत्वाचा सगळा अभ्यासक्रम या चार गोष्टींत आला.

आपल्या खानदेशालाही हा वारसा आहे. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा खानदेशातले बौद्ध स्त्री-पुरुष त्यात उतरले होते. पुन्हा ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर सत्याग्रह झाला आणि लाखो लोक तुरुंगात गेले. मागणी होती पडीक जमीन कसणाऱ्याला देण्याची. तीही अगदी जमिनीवरची, मोजता येणारी मागणी होती.

शहाद्याची शाळा

आता आपल्याच तालुक्याकडे पाहा. १९७० च्या सुमारास शहादा तालुक्यात आदिवासींची स्थिती काय होती? कर्जापायी आणि फसवणुकीपायी जमिनी हातच्या गेल्या होत्या. त्याच जमिनीवर मूळ मालक सालदार म्हणून राबत होता. २ मे १९७१ ला पाटीलवाडीला धान्यासाठी निघालेल्या आदिवासींवर गोळीबार झाला आणि एकाचा जीव गेला. त्या आधीपासून लोक ज्यांना अंबरसिंग महाराज म्हणत ते अंबरसिंग सुरतवंती भिल्लांना संघटित करत होते. सर्वोदयी कार्यकर्ते आले, मुंबई-पुण्याचे सुशिक्षित तरुणही आले. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्याला भूमुक्तीसाठी मोठा मेळावा झाला आणि त्याच वर्षी श्रमिक संघटना उभी राहिली.

मेळावा सर्वांना दिसतो. त्याच्या मागे काय होते ते दिसत नाही. मागे होती शिबिरे आणि गावोगावची तरुण मंडळे. कोणाची जमीन कशी गेली, मजुरी किती मिळते, सालदाराला काय देतात, दुष्काळी काम कुठे निघाले, हे प्रश्न त्या बैठकांतून पुढे आले. ज्याला अक्षर येत नव्हते तोही आपल्या जमिनीची हकीगत सांगू शकत होता आणि ज्याला अक्षर येत होते तो ती लिहून घेऊ शकत होता. एकाची आठवण आणि दुसऱ्याचे अक्षर एकत्र आले की अर्ज तयार होतो. असे अर्ज गावागावांतून येऊ लागले की सरकारलाही ऐकावे लागते. आदिवासींच्या जमिनी त्यांना परत देण्याचा कायदा महाराष्ट्रात १९७४ साली झाला. त्यामागे शहाद्यासारख्या ठिकाणच्या लढ्यांचा रेटा होता.

अंबरसिंग महाराज १९७४ मध्ये अकाली गेले. एका माणसावर उभी असलेली चळवळ अशा वेळी कोसळते. शहाद्याची कोसळली नाही. रोजगार हमीच्या कामासाठी, मजुरीसाठी मजूर पुढेही लढत राहिले, कारण गावागावात बोलणारी, विचारणारी माणसे तयार झाली होती.

त्याच भूमीतून वाहरू सोनवणे यांच्यासारखा कार्यकर्ता-कवी पुढे आला. मंच कोणाचा आणि दुःख कोणाचे, हा प्रश्न त्यांची ‘स्टेज’ ही कविता विचारते. तो प्रश्न फक्त आदिवासी चळवळीला नाही. आपल्या प्रत्येक सभेच्या आयोजकांनी तो स्वतःला विचारावा.

बायकांनी शिबिर पुढे नेले

१९७३ च्या सुमारास शहादा तालुक्यात आदिवासी स्त्रियांचे शिबिर झाले. विषयपत्रिकेवर काय होते ते बाजूला राहिले. बायका एकमेकींना सांगू लागल्या की नवरा पितो, मजुरी उडवतो आणि घरी येऊन मारतो. प्रत्येकीला वाटत होते की हे माझ्याच नशिबी आहे. दहा जणींनी तेच सांगितल्यावर ते नशीब राहिले नाही, तो सार्वजनिक प्रश्न झाला. त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. तिथून उठून जवळच्या गावी गेल्या आणि दारूची मडकी फोडली. पुढे गावोगाव हे लोण पसरले आणि बायकोला मारणाऱ्याला गावासमोर जाब विचारला जाऊ लागला.

माताभगिनींनो, त्यातल्या किती जणींना वाचता येत होते? फारच थोड्या. म्हणजे अभ्यासाला पदवी लागत नाही. आपला अनुभव चार जणींपुढे ठेवण्याचे धाडस लागते आणि ऐकणारा कान लागतो.

एक दिवस, एक प्रश्न, एक कागद

आता आपण काय करायचे? मी नोकरीने कारकून आहे, त्यामुळे कागदाची भाषा थोडीबहुत कळते. तेवढ्या आधारावर सुचवतो. महिन्यातून एक रविवार विहारात अभ्यासदिन ठेवा. मंच नको, हार नको, प्रमुख पाहुणा नको. त्रिशरण-पंचशील झाले की गोल बसा. एका दिवसाला एकच प्रश्न घ्या आणि त्याचा एक कागद समोर ठेवा.

पहिला दिवस ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकाचा ठेवावा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. आपल्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न किती, त्याचे १५ टक्के किती आणि ते कशावर खर्च झाले? सातवीच्या मुलालाही हा हिशेब फळ्यावर करता येईल. त्यालाच करायला सांगा. माहिती कोणी देत नसेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही शुल्क नाही.

दुसरा दिवस ग्रामसभेचा. सभेची गणसंख्या आहे मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतली जी कमी असेल ती. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते. ती आपल्या गावात खरोखर भरते की फक्त वहीत भरते, हे आपल्या भगिनींनीच पाहावे.

तिसरा दिवस जमिनीचा. भूमिहीन आणि दारिद्र्यरेषेखालील अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी २००४ पासून दादासाहेब गायकवाडांच्या नावाची सबळीकरण योजना आहे. चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तिच्यात तरतूद आहे. अडचण ही की शासन ती जमीन विकत घेऊन देते आणि ठरलेल्या दरात जमीन विकणारा सहज मिळत नाही. मग आपल्या पंचक्रोशीत कोण जमीन विकतो, कोणत्या भावाने विकतो, याची यादी कोण करणार? ती बाहेरच्या वक्त्याला करता येणार नाही. ती आपल्यालाच करावी लागेल.

चौथा दिवस मुलांच्या शिष्यवृत्तीचा आणि दाखल्यांचा. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती बाबासाहेबांच्या प्रयत्नांनी १९४४ मध्ये सुरू झाली. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळायला मात्र १९९० साल उजाडावे लागले. इतक्या खटपटीने मिळालेला हक्क केवळ मुदत टळली, दाखला नव्हता म्हणून हुकू नये. कॉलेजात शिकणाऱ्या मुलांनी दहावी-बारावीच्या मुलांचे कागद त्या दिवशी तपासून द्यावेत.

दुपारनंतर बोलणे थांबवा आणि अर्ज लिहायला घ्या. संध्याकाळपर्यंत एक अर्ज तयार झाला पाहिजे. तो कोण नेणार हे नावानिशी ठरवा. कार्यालयात दिल्यावर पोच घ्या, आवक क्रमांक टिपून ठेवा. पुढच्या महिन्याचा अभ्यासदिन त्याच पोचपावतीपासून सुरू करा. उत्तर आले का? नसेल तर पुढे काय? हा धागा तुटू देऊ नका. महाडला तो दहा वर्षे तुटू दिला नव्हता.

आणखी एक काळजी घ्या. दर वेळी अर्ज घेऊन जाणारे नाव बदला. एकदा तरुण मुलगा, एकदा शेतमजूर बाई, एकदा सालदार. कार्यालयाचा उंबरठा ओलांडताना पाय थरथरतात, ते थरथरणे एकाचेच जाऊन उपयोग नाही, सगळ्या वस्तीचे गेले पाहिजे.

मजूर माणसाला वेळ कुठे आहे, असे काही जण म्हणतील. खरे आहे. रोजावर जाणाऱ्याचा एक दिवस म्हणजे एक दिवसाची चूल. म्हणूनच रविवार ठेवा किंवा हंगाम पाहून दिवस ठेवा आणि लेकरांना सांभाळायला दोघी-तिघींची पाळी लावा. पण शहाद्याच्या त्या सालदारांना आणि मजूर बायांना तरी कुठे वेळ होता? त्यांनी वेळ काढला.

शेवटचे एक. गटार, रस्ता, मजुरी, जमीन हे प्रश्न एकट्या आपल्या वस्तीचे नाहीत. शेजारच्या भिल्ल वस्तीत तेच प्रश्न आहेत. त्यांच्यातल्या चार जणांना आपल्या अभ्यासदिनाला बोलवा आणि त्यांच्या बैठकीला आपण जा. लढ्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे, बाबासाहेबांनी दिलेली अक्षराची ओढ आपल्याकडे आहे. दोन्ही एका सतरंजीवर आली तर ग्रामसभेची गणसंख्या भरायला वेळ लागणार नाही.

पुढच्या जयंतीला मंडप जरूर घाला, निळे झेंडे लावा, मिरवणूक काढा. फक्त त्या मंडपात एक फळा ठेवा. वर्षभरात किती अभ्यासदिन झाले, किती अर्ज दिले, किती कामे झाली आणि किती अडली, हे त्यावर खडूने लिहा. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालण्यापूर्वी तो फळा सर्वांना वाचून दाखवा. त्या आकड्यांपेक्षा मोठी मानवंदना दुसरी नाही.

जयभीम!