हिरवा उतार पक्का असतो का? मुळं, बर्फ आणि घसरणारी माती

हेडफोन जवळ नसतील, तर आजचा एपिसोड इथे वाचून काढा.

आपल्याकडे दरड म्हटलं की पाऊस आठवतो. माळीण, तळिये, इर्शाळवाडी, तिन्ही घटना जुलैतल्याच. पण तिबेटच्या पठारावर पाऊस नसताना, नुसतं ऊन तापलं तरी उतार घसरू शकतो. कसा?

आधी बर्फाचं काम

पाणी गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं, हे शाळेत शिकलोय. मातीत याहून जास्त काही घडतं. गोठणारा थर खालचं पाणी वर ओढून घेतो आणि बर्फाचे पातळ पापुद्रे तयार होतात. मातीचे कण एकमेकांपासून दूर ढकलले जातात, जमीन वर उचलली जाते.

मग ऊन वाढतं आणि बर्फ वरून वितळायला लागतो. वर चिखल, खाली अजून टणक गोठलेली जमीन. पाणी मुरणार कुठे? ते मधेच अडकतं, कणांमधली पकड सुटते आणि वरचा थर घसरतो.

मग मुळं काय करतात?

माती दाब सोसते, पण ओढलं की तुटते. सिमेंट काँक्रीटचंही तसंच, म्हणून तर आपण सळई घालतो. मुळं म्हणजे मातीतली सळई. जाडीच्या मानाने बारीक मुळं जाड मुळांपेक्षा जास्त ताण सोसतात. तिबेटच्या कुरणांवर कोब्रेसिया नावाचं गवत असतं, त्याच्या मुळांचं इतकं दाट जाळं होतं की जमिनीचा गालिचाच बनतो. हा गालिचा उन्हाची धगही खाली लवकर पोचू देत नाही.

पण एक अडचण आहे

यातली बहुतेक मुळं वरच्या २०-३० सेंटीमीटरमध्येच असतात. मीटरभर खाली माती सुटली, तर अख्खा गालिचा सतरंजीसारखा खाली येतो. शिवाय जमीन वारंवार फुगली-बसली की बारीक मुळं तुटतात. गालिचा एकदा फाटला की उघडी काळी माती जास्त तापते आणि बर्फ आणखी खोल वितळतो.

गोलमुड-ल्हासा रेल्वे २००६ मध्ये सुरू झाली. तिचा सुमारे ५५० किलोमीटर भाग कायम गोठलेल्या जमिनीवरून जातो. बांधकामाच्या वेळी अनेक ठिकाणी हे गवत मातीसकट कापून, जपून ठेवून पुन्हा लावलं. पण रुळांखाली फक्त गवतावर विसंबले नाहीत. तिथे दगडांचे भराव टाकले, जमिनीतली उष्णता बाहेर काढणाऱ्या नळ्या पुरल्या. थोडक्यात, वरची माती मुळं सांभाळतात. खोलवर मात्र थंडावा टिकवणं आणि पाण्याला वाट देणं, हाच उपाय.

लडाख-स्पितीला निघालाय?

गोठणं-वितळणं तिथेही चालतं. उतार हिरवा आहे म्हणजे पक्का, असं धरू नका. वरच्या बाजूला भेग असेल, गवत सुरकुतलेलं दिसलं किंवा पायाखाली पाणी झिरपत असेल, तर तिथे तंबू नको. आणि तंबूसाठी गवताचा थर खणू तर अजिबात नका. तो पुन्हा धरायला फार वर्षं लागतात.

ट्रेकच्या ग्रुपवर नक्की शेअर करा. भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये!